बुजवलेल्या पायऱ्या

गावाचं नाव मी सांगणार नाही. नारूचं गाव म्हणून आमची बदनामी आधीच पुष्कळ झाली आहे. लोणखेड्यापासून दोन कोस, तापीच्या अंगाला, एवढं पुरे. एके काळी सोयरीक घेऊन आलेले पाहुणे पोरीचं तोंड नंतर बघायचे, आधी घोटे बघायचे. घोट्यावर जुना वण दिसला की चहासुद्धा न घेता उठायचे मेले, जसे काही त्यांच्या गावचे पाय सोन्याचे होते.

माझ्या मालकांचं नाव भाईदास. जिवंतपणी मी ते कधी तोंडातून काढलं नाही. आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि ही गोष्ट नाव न घेता सांगता येत नाही, म्हणून घेते. लोकल बोर्डात ते देवी टोचायच्या कामावर होते. देश स्वतंत्र झाला त्या साली नोकरी लागली. सायकलच्या मागे लशीची पेटी, डोक्याला टोपी, आणि शहाद्यापासून वर अक्राणीच्या डोंगरापर्यंत गावोगाव फिरणं. शिवेवर सायकल दिसली की पोरं ओरडायची, "टोच्या ऊना रे, पळा!" आणि अर्धं गाव ज्वारीत लपायचं. आमच्याच गावचे नथ्थूभाऊ, सहा फुटी गडी, पंचायतीत शब्द चालणारा माणूस, एकदा कणगीत सापडले होते. बाहेर काढलं तर म्हणतात, "मी जवारी मोजी ऱ्हायनू." हे नथ्थूभाऊ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आमचे हे म्हणजे चिंतेचं भांडार. कडी लावली तरी तीनदा ओढून बघायची. काही काळजी लागली की अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागायचा, एक दोन तीन चार, पुन्हा एक दोन तीन चार. समोर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायाकडे बघायचे. आणि कमरेला कायम एक चौपदरी फडकं. कुठेही पाणी दिलं की आधी ते फडकं काढून गाळायचं, मग प्यायचं. लग्नात, तेराव्याला, मामलेदाराच्या कचेरीत, कुठेही! माझ्या माहेरी पहिल्यांदा असं केलं तेव्हा माझ्या भावजयीने आठ दिवस तोंड फुगवलं होतं.

एकदा जेवताना मला म्हणाले, "वत्सला, दहा हजार दंड टोचले असतील मी. पण ती खूण लशीची. मी नसतो तर दुसऱ्याने टोचलं असतं. मन्हं असं काय ऱ्हायनं?"

मी म्हटलं, "मुलगी आहे की! ती काय शेजाऱ्यांची?"

हसले. पण हसू ओठांपुरतंच. म्हणाले, एक तरी काम असं हवं, जे मी केलं नसतं तर झालंच नसतं. माझ्यामागे ते उभं राहिलं पाहिजे. तेव्हापासून माझ्या घरात गावच्या विहिरीने मुक्काम ठोकला.

आमची विहीर पायऱ्यांची. काळ्या दगडाच्या सत्तावीस पायऱ्या, आणि गावातल्या सगळ्या बायका त्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे भरायच्या. आता नारू काय असतो ते सांगते. पायाला फोड येतो, आग आग होते. पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. तेवढ्यात फोड फुटतो आणि नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यात ठिपक्याएवढे किडे असतात, ते ही पिल्लं गिळतात, आणि आपण ते पाणी पितो. वर्षभर कळतसुद्धा नाही. वर्षाने घोट्यातून नाही तर गुडघ्यातून हातभर लांब पांढरा दोरा बाहेर यायला लागतो. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस जन्माचा लंगडा. यांनी एक दिवस काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी घेऊन उन्हात धरलं आणि मला ते किडे दाखवले. टुणटुण उड्या मारत होते. मला आठ दिवस पाणी घशाखाली उतरेना.

इलाज सोपा होता. पायऱ्या बुजवायच्या, भोवती कठडा बांधायचा, वरून रहाटाने पाणी काढायचं. पाण्याला पाय लागलाच नाही तर नारू येईल कुठून? इतका सोपा इलाज, आणि त्याला तीन वर्षं अर्ज! शहाद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुस्तक दिलं, ते यांनी पाठ केलं. बोर्डाचे हसायचे, तुझं काम टोचायचं, विहिरी कसल्या बांधतोस? शेवटी सत्तावन सालच्या उन्हाळ्यात सिमेंट आलं.

तेव्हा गजराबाई आडवी आली. गजराबाई म्हणजे गावची सुईण. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, माझी मीनासुद्धा. आमच्यात बाळंतिणीचा सव्वा महिना भरला की ती विहीर पुजते. शेवटच्या पायरीवर पाण्यात उभं राहून हळदकुंकू वाहायचं, अंगावरच्या दुधाचे दोन थेंब पाण्यात सोडायचे, मग हंडा भरायचा. त्याशिवाय तिने विहिरीकडे फिरकायचंसुद्धा नाही, विहीर बाटते. गजराबाई म्हणाली, "भाईदास, ती आमनी माय शे. तिन्हा पायजवळ पोरी जावाले नकोत का?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, फट ठेवू नकोस. पण यांना गजराबाईला नाही म्हणवेना. पायऱ्या न बुजवता त्यांच्या तोंडाशी भिंत घातली, आणि भिंतीत एक लहानसं लोखंडी दार ठेवलं, त्यातून पायऱ्यांवर उतरता येईल असं. किल्ली यांच्या करगोट्याला. अट अशी की पूजेच्या दिवशीच दार उघडायचं, आणि बाळंतिणीचे पाय आधी यांनी तपासायचे.

पुढच्या उन्हाळ्यात गावात एकोणीस नारू निघाले. एकोणीस! हे बिचारे सगळ्यांना सांगून दमले, बाबांनो, हे मागच्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्याचे, भिंतीच्या आधीचे. कोण ऐकतो? नथ्थूभाऊंच्याच गुडघ्यातून निघाला होता, ऐन गव्हाच्या कापणीत. त्यांना खाटेवर घालून पारावर आणलं आणि सगळ्या गावादेखत त्यांनी विचारलं, "भाईदास, तुन्हा शब्दवर भिंत बांधी. आते हाई काय शे?"

हे म्हणाले, "एक वरीस द्या. पुढला उन्हाळामा एक जरी नारू निंघना, तर मन्हा हातवरी भिंत पाडसू."

"एक जरी?"

"एक जरी."

घरी आल्यावर मी डोकं बडवून घेतलं. म्हटलं, अहो, निदान चार-पाच तरी म्हणायचं! एक जरी? अक्कल कुठे गहाण टाकली होती? यांचा अंगठा पेरांवरून फिरत राहिला. आजूबाजूच्या तीन गावांची माणसं विहीर बघून गेली होती. तीही म्हणाली, पुढच्या उन्हाळ्याला काय होतं ते बघू, मग आमचीही बांधू. म्हणजे आमच्या एका विहिरीवर आणखी तीन विहिरी लटकलेल्या होत्या. मग यांनी घरोघर फिरून हंड्याच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधायला लावलं.

त्याच उन्हाळ्यात आमची मीना पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचं सासर तापीच्या पलीकडे, तिथली विहीरही पायऱ्यांचीच, उघडी. मुलगा झाला. सव्वा महिना भरायला आला, आणि नेमक्या तेव्हा अक्राणीत देवीची साथ उठली. यांना जावं लागलं. जाताना करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. म्हणाले, "पूजेच्या दिवशीच उघड. आणि मीनाचे पाय तू बघ. नीट बघ."

मी म्हटलं, बघते हो, मला काय डोळे नाहीत?

पूजेच्या चार दिवस आधी गजराबाईने निरोप धाडला की एरवी दार बंद राहून पायऱ्यांवर शेवाळ चढलं असेल, पोर घसरेल, घासून ठेव. बरोबरच होतं. दुपारी कोणी नसताना मी दार उघडलं आणि खाली बसून पायऱ्या घासायला लागले. घासता घासता वर बघते तो मीना! बाळाला निजवून, मला खराटा द्यायच्या निमित्ताने आलेली. मी ओरडले, "अगं, सव्वा महिना भरायचाय तुझा! विहिरीवर पाय टाकतेस? जा वर!" ती म्हणाली, पायाची सकाळपासून आग होतेय. आणि मी उठून येईपर्यंत ती उतरून पाण्यात उभीसुद्धा राहिली.

"माय, पाय पानीमा टाका आन् सगळी आग गयी," म्हणाली. "कसं थंड लागी ऱ्हायनं!"

तिच्या घोट्यावर वाटाण्याएवढा फोड होता. मी बघितला, आणि बघता बघता तो फुटला. पाण्यात दुधासारखं काहीतरी पांढरं पसरलं आणि नाहीसं झालं.

आता कोणी म्हणेल, नवरा रात्रंदिवस नारू नारू करतो आणि तुला कळलं नाही? कळलं हो. नाही कसं कळणार? पण त्या घडीला मला नारू मोठा वाटला नाही, विटाळ मोठा वाटला. सव्वा महिना भरला नसताना बाळंतीण विहिरीत उतरली! गजराबाईला कळलं असतं तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं. मीनाच्या सासरी गेलं असतं ते वेगळंच. मी मीनाला दंडाला धरून वर आणलं, कुलूप लावलं आणि म्हटलं, कोणाला एक अक्षर बोललीस तर याद राख. आणि मनाला सांगितलं, उन्हाचा फोड असेल. हो, मन असलं काही ऐकायला नेहमी तयारच असतं.

चार दिवसांनी पूजा झाली. घोट्यावर मी हळदीचा जाड थर दिला होता. वाजतगाजत झाली पूजा.

हे डोंगरातून परतले तेव्हा मीना ओट्यावर पाय लांब करून बसली होती, आणि घोट्यातून पांढरा दोरा डोकावत होता. यांनी सायकल भिंतीला लावलीसुद्धा नाही, तशीच पडली. माझ्याकडे वळून विचारलं, "पूजा व्हयनी त्याले किती दिन व्हयनात?"

"अकरा," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पूजा होऊन अकराच झाले होते. यांनी मला विहिरीचं विचारलं नाही, पूजेचं विचारलं. असं मी नंतर वर्षभर मनाशी घोकत होते.

यांचा अंगठा पेरांवरून झरझर फिरला, आणि तोंड एकदम उजळलं. "किड्याच्या पोटात पिल्लू तयार व्हायला चौदा दिवस लागतात. तोवर ते पाणी पिऊनही नारू होत नाही. तीन दिवस आहेत, वत्सला! तीन दिवसांत विहीर उपसली की झालं!" आणि अनवाणी पारावर पळाले.

मी तिथेच उभी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अकरा आणि चार पंधरा होतात एवढं मला येत होतं. मग म्हटलं, पुस्तकातले चौदा काय मोजूनमापून चौदाच असतील? उपसणारच आहेत ना, मग झालं. मीही पारावर गेले, बायकांच्या बाजूला उभी राहिले.

यांनी काही लपवलं नाही. माझ्या पोरीचा पाय, मी ठेवलेलं दार, चूक माझी, असं सरळ सांगितलं. विहीर तीन दिवसांत उपसून चुना टाकायला हवा, तोवर नदीवरून पाणी आणा, चार मोटा लागतील. गलका झाला. पेरणी तोंडावर, बैल कोण देणार? कोणी म्हणालं, हा घाबरवतोय. कोणी म्हणालं, हा वर्षाचा वायदा चुकवायला बघतोय. नथ्थूभाऊंचा गुडघा अजून बांधलेलाच होता. त्यांनी काठी आपटली.

"म्हणजे आजनं पानी चांगलं शे, तीन दिन नंतर खराब व्हई. असंच ना?"

"असंच," हे म्हणाले.

"मंग पी. आत्तेच. बिनगाळ्या."

कोणीतरी रहाटाने पाणी काढून तांब्या भरून दिला. आणि मी बघत राहिले. देवाशपथ सांगते, माझ्या तोंडात शब्द आले होते. पिऊ नका, पंधरा झालेत, पंधरा! पण त्याच्यामागून सगळंच सांगावं लागलं असतं, आणि गजराबाई माझ्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभी होती. यांनी तांब्या तोंडाला लावला. ज्या माणसाने माझ्या माहेरचं पाणी कधी न गाळता घेतलं नाही, त्याने सबंध तांब्या घटाघटा रिकामा केला, आणि कमरेच्या त्याच फडक्याने तोंड पुसलं.

नथ्थूभाऊ उठले आणि म्हणाले, "मन्हा बैल जुपा."

तीन दिवस चार मोटा चालल्या. तळ दिसला, चुना पडला. यांनी त्याच आठवड्यात स्वतः पाटी घेऊन ते लोखंडी दार विटांनी बुजवून टाकलं. गजराबाई म्हणाली, "तुन्ही पोरनी पूजा व्हयनी, आते आमना पोरीसले दार बंद." आणि तिने आमच्या दारात यायचं सोडलं.

त्यापुढचं वर्ष कसं गेलं ते मला विचारा. हे गावाचे पाय बघत फिरायचे आणि मी यांचे पाय बघायचे. दिवेलागणीला तेलाची वाटी घेऊन पाय चोळायला बसायचे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटांनी चाचपायचे, कातडीखाली कुठे दोरा लागतो का. यांना कौतुक वाटायचं. "लग्नाला वीस वर्षं झाली, आता सुचलं का पाय चेपायचं?" मी म्हणायचे, गप्प बसा, फिरून फिरून लाकडं झालीत पायांची. आणि तोंड फिरवून डोळे पुसायचे. सांगून टाकावं असं रोज वाटे. पण सांगून आता काय होणार? प्यालेलं पाणी काही परत येत नाही. आणि न सांगता कदाचित काहीच होणार नाही. या कदाचितच्या जिवावर मी तीनशे दिवस काढले. अंगावरचं मांस झडलं माझं, चोळ्या सैल झाल्या.

एकोणसाठचा उन्हाळा आला. चैत्र गेला, एकही नाही. वैशाख अर्धा गेला, एकही नाही. बायका गंमत करायला लागल्या, टोच्याने नारूलाच टोचलं म्हणून. शेजारच्या गावचे लोक येऊन बसले, अर्ज कसा लिहायचा विचारायला. नथ्थूभाऊ मात्र म्हणाले, उन्हाळा संपू द्या. पंधरा दिवस राहिले होते.

एका सकाळी हे सायकल काढताना थांबले, ओट्यावर बसले आणि डावा पाय मांडीवर घेतला. मला हाक मारली नाही. मीच बघितलं. घोट्याच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा फोड.

"संपलं," म्हणाले.

नुसतं भिंतीचं दुःख असतं तर मी कदाचित अजूनही गप्प राहिले असते. पण ते पेरं मोजायला लागले. पुन्हा पुन्हा. "मी कुठेच बिनगाळ्याचं पाणी प्यालो नाही. एकदाच प्यालो. आणि त्या दिवशी तर अकरावाच होता. अकराव्या दिवशी होऊच शकत नाही, वत्सला. म्हणजे पुस्तक चूक. म्हणजे मी तीन वर्षं लोकांना जे सांगितलं ते सगळं चूक. मग भिंत कशाला बांधली मी? काय कळत होतं मला?"

मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. शेवाळ, खराटा, मीनाचा पाय, पाण्यात पसरलेलं ते पांढरं. तांब्याच्या वेळी मी तिथेच होते हेही सांगितलं.

वाटलं, आता मारतील. मारावं असंही वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पंधरा?"

"पंधरा."

आणि काय सांगू, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला! नारू पायात, भिंत पडायला आलेली, बायकोने गळा कापलेला, आणि हा माणूस म्हणतो, "मंग पुस्तक बरोबर शे." मला असा संताप आला! म्हटलं, चुलीत घाला ते पुस्तक, मला चार शिव्या तरी द्या! नाहीच दिल्या. जन्मात नाही दिल्या.

मग निघाले पारावर, स्वतःचा नारू सांगायला. मी विचारलं, आणि माझं? म्हणाले, तुझं कशाला, मी प्यालो, माझ्या पायात निघाला, एवढंच. मी म्हटलं, अर्धं सांगून भिंत पाडून घ्याल. बसा इथे. त्या पायाने उठायचं नाही.

पदर डोक्यावर घेतला आणि मीच गेले. पारासमोर उभं राहून बाईमाणसाने बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी उभी राहिले. दिवसांसकट सगळं सांगितलं, बाळंतीण वेळेआधी विहिरीत उतरली तेही. गजराबाईने तोंडाला पदर लावला. एक बाई तर माझ्यापासून दोन पावलं मागे सरकली.

नथ्थूभाऊ बराच वेळ काठी मातीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "आख्खं गाव वरतून काढीसन गाळीसन पिनं, कोनलेच काही व्हयनं नही. ज्याने पाय लागेल पानी बिनगाळ्या पिनं, त्यालेच निंघना. मंग भिंतनी काय चूक शे?"

भिंत राहिली. मी मात्र त्या दिवसापासून गावाच्या हळदीकुंकवातून उठले. सहा वर्षं मला कोणी डोहाळजेवणाला बोलावलं नाही, बारशाला बोलावलं नाही. मीनाच्या सासूने दोन दिवाळ्या तिला माहेरी धाडलं नाही. आता बायका कठड्यावरच हळदकुंकू वाहतात, दुधाचे थेंब काढलेल्या पाण्यात सोडतात, आणि गजराबाईच ते सांगते, जशी काही ही रीत तिच्या पणजीपासूनची आहे. सांगू दे.

यांचा नारू बाहेर यायला बावीस दिवस लागले. रोज बोटभर, मीच काडीला गुंडाळला. उठले ते थोडे लंगडतच, आणि तसेच सायकलवर बसले. पुढच्या आठ वर्षांत एकवीस विहिरींच्या पायऱ्या बुजवल्या, शहादा आणि तळोदा मिळून. एकाही विहिरीला दार ठेवलं नाही. झेडपी आली तेव्हा आमच्या विहिरीवर पाटी बसवली. तिच्यावर उद्घाटनाला आलेल्या साहेबांचं नाव आहे, ठेकेदाराचं आहे. यांचं नाही. मी भांडायला निघाले होते, तर हे म्हणाले, "पाणी पी आणि गप बस."

सदुसष्ट साली तापाने चार दिवसांत गेले. त्यांच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेलं एक रजिस्टर होतं, नारूचं. मी ते कधी उघडलं नव्हतं, मागच्या महिन्यात उघडलं. प्रत्येक गावाला पान, प्रत्येक रोग्याला ओळ. आमच्या गावच्या पानावर अठ्ठावनचे वीस, मीना धरून. त्याखाली एकोणसाठ सालची एकच ओळ. भाईदास, वय चाळीस, डावा घोटा. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'दार मी ठेवले होते.' त्याखाली पान कोरं. आमच्या गावचा शेवटचा नारू म्हणून यांचं नाव, आणि तेवढ्याच एका जागी.

मग वर मीनाची ओळ बघितली. 'पाण्यात पाय पडल्याला दिवस: ११.' हा माणूस आकडा चुकला तर झोपायचा नाही. दुसऱ्यांच्या रजिस्टरातले आकडेसुद्धा खोडून दुरुस्त करायचा. माझं ऐकल्यानंतर आठ वर्षं ते पान त्याच्या हाताखाली होतं, आणि तो अकरा तसाच ठेवला होता.

पेटीतच त्यांची पेन्सिल होती. मी अकरा खोडले आणि शेजारी पंधरा लिहिले. खाली माझं नाव लिहिलं, वत्सला भाईदास, जसं येतं तसं.